'ते पेपरात नाहीये'

महोदय,
भाची यंदा बारावीला, 'नीट' देणार. तिच्या टेबलासमोर भिंतीवर तक्ता चिकटवलाय : १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक वजा. त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, म्हणून एनसीईआरटीची पुस्तकं तोंडपाठ करणं चाललंय. परवा सहज विचारलं, 'डॉक्टर का व्हायचंय गं?' म्हणाली, 'मामा, ते पेपरात नाहीये.' हसलो, पण रुखरुख लागली.

गेल्या महिन्यात आईला रुग्णालयात दाखवायला नेलं, तेव्हा हिला मुद्दाम सोबत घेतलं. ओपीडीत एक इंटर्न मुलगी, डोळे जागरणाने सुजलेले, एका आजोबांना गोळ्यांच्या पाकिटांवर पेनाने सूर्य नि चंद्र काढून देत होती. त्यांना वाचता येत नव्हतं. भाची आमची रांग सोडून तिथंच उभी राहिली.

साडेचार वर्षं शिक्षण, वर भरगच्च वर्षाची इंटर्नशिप. एवढा पल्ला नुसत्या आईबापांच्या हौसेवर कसा निघणार? क्लासवाल्यांनी (फी तर दणकून घेतात) एखाद्या दिवशी टेस्ट सिरीज बंद ठेवून पोरांना परळला फिरवून आणावं. टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पथाऱ्या टाकलेली कुटुंबं तरी दिसतील.

– एक मामा, लालबाग