टिल्टिंगच्या स्टेज वाचवायला पैसे हवेत, आणि हातही हवेत

नमस्कार मंडळी,

न्यूफाउंडलंडमधून लिहितेय, कॅनडाचं पार पूर्वेकडचं टोक. इथे फोगो नावाचं बेट आहे आणि बेटाच्या पूर्वेच्या कडेला टिल्टिंग नावाचं गाव, वस्ती दोनशेसुद्धा नाही. गावाचा आयरिश वारसा जपणारी एक छोटी संस्था आहे, मी तिथे गेली काही वर्षं उन्हाळ्यात जाऊन काम करते, आणि कॅनडातल्या मराठी लोकांपर्यंत पोचायची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकलीय म्हणून तिथल्या स्टेज, म्हणजे मासे उतरवायच्या जुन्या लाकडी शेड, वाचवायचं हे आवाहन.

अठराव्या शतकात वॉटरफर्ड, वेक्सफर्ड या आयर्लंडच्या आग्नेय भागातून माणसं कॉड मासळीच्या मागे इथे आली आणि राहिली. आयरिश भाषेत न्यूफाउंडलंडचं नावच मुळी 'तालव्ह अन एश्क', म्हणजे मासळीची भूमी. टिल्ट म्हणजे लाकडी खोपटं, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. बेटावरची बाकीची बरीच गावं इंग्लंडहून आलेल्यांची, टिल्टिंग मात्र आयरिश कॅथलिक राहिलं, आणि बोलणं ऐकलंत तर लगेच कळतं. इथली म्हातारी माणसं 'आय्म आफ्टर ईटिंग माय डिनर' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ 'मी आत्ताच जेवलोय', ही रचना थेट आयरिशमधून आलीय. एका माणसाला 'यू' आणि अनेकांना 'यी', आपल्या तू-तुम्हीसारखं वेगळं, मला तर पहिल्यांदा ऐकून इतकं बरं वाटलं होतं!

पण खरी गोष्ट स्टेजची. स्टेज म्हणजे पाण्यावर लाकडी खांबांवर उभी केलेली शेड, होडी खाली लावायची, मासे वर घ्यायचे, तिथेच चिरायचे, मीठ लावायचं आणि मग फ्लेकवर, म्हणजे काठ्यांच्या मांडवावर, वाळवायचे. मी कोळीवाड्याजवळ वाढलेली, वलांडीवरचे बोंबील बघत शाळेत जायचे, त्यामुळे पहिल्यांदा फ्लेक बघितला तेव्हा मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. घरं, स्टेज, बटाट्याच्या बागा, त्यांची लाकडी कुंपणं, जुनी दफनभूमी, हे सगळं मिळून 2003 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं. पण पाटी लागली म्हणून लाकूड कुजायचं थांबत नाही ना. लाल रंग दर काही वर्षांनी द्यावा लागतो, खांब बदलावे लागतात, आणि वसंतात समुद्रावरचा बर्फ सरकत येऊन आदळतो तो वेगळाच. मागच्या हिवाळ्यानंतर आम्ही गेलो तर एका स्टेजचे पुढचे खांबच गायब होते, बाकीचं वजन उरलेल्या चारपाच खांबांवर लटकलेलं.

पूर्वी हे आपोआप व्हायचं कारण स्टेज रोजच्या वापरातली होती. 2 जुलै 1992 ला कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, जवळजवळ 30,000 माणसांचं काम गेलं, तरुण मंडळी बाहेर पडली ती बरीचशी परत आलीच नाहीत. 2024 मध्ये बंदी उठली खरी पण मधली बत्तीस वर्षं गेली, आणि खांब कसा निवडायचा, कुठे ठोकायचा हे ज्यांच्या हातात आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीतली आहेत. मला सगळ्यात जास्त घाई याचीच वाटते.

हे बेट सहज हार मानणारं नाही हेही सांगते. 1954 ते 1975 मध्ये लांबची गावं उठवून माणसं हलवायच्या सरकारी योजना चालू होत्या, तेव्हा 1967 मध्ये फोगोवर लोकांच्या बोलण्याच्या फिल्म काढून गावोगाव दाखवल्या, एकमेकांचं ऐकून लोकांनी सहकारी संस्था उभी केली, मोठ्या होड्या बांधल्या आणि बेटावरच राहिले. सहकार म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर आता मागणं. पहिलं पैसे, लाकूड, खिळे, रंग आणि एका जाणत्या सुताराची मजुरी यासाठी, दहा-वीस डॉलरसुद्धा चालतील, खरंच चालतील, एका खांबाला चार घरांनी मिळून दिलं तरी चालेल. दुसरं, ज्येष्ठांच्या आठवणी आणि गाणी रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेट आहेत, त्या डिजिटल करायला आणि ऐकून लिहून काढायला माणसं हवीत, हे काम टोरांटोत किंवा पुण्यात बसूनही होईल, फक्त कान तयार व्हायला आठवडाभर लागतो, माझाही लागला होता. तिसरं, इथली राजधानी सेंट जॉन्समध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनो, उन्हाळ्यात एक आठवडा या. गँडर शहराहून गाडीने साधारण तासाभरावर फेअरवेल नावाचा धक्का आहे, तिथून बेटावर फेरीबोट. राहायची सोय गावातल्या घरांत करू, जेवण आमच्याकडे, मासे खात नसाल तर आधी सांगा म्हणजे बटाटे जास्त टाकता येतील. जाड जॅकेट जुलैतही आणा, आणि फेरीबोट वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते म्हणून परतीच्या दिवशी परीक्षा ठेवू नका.

ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा, पैसे कुठे पाठवायचे ते कळवते, आणि कामाचे फोटो प्रत्येकाला पाठवीन. खांब बसवायचं काम जूनअखेर सुरू करायचंय, त्याआधी लाकूड सांगून ठेवावं लागतं.