फ्रिजमधली थंडी आणि जिवाणू

महोदय,

पारा चाळिशीपार गेला की आमच्या सोलापुरात उरलेली आमटी, दूध, पनीर सारेच फ्रिजमध्ये जाते आणि ‘आत ठेवले, आता काळजी नाही’ असे आपण धरून चालतो. थंडीने बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते, पण ते मरत नाहीत; अन्नातून आजार पसरवणारा लिस्टेरिया हा जिवाणू तर 4 अंश सेल्सिअसलाही सावकाश वाढत राहतो. गारठ्यात तुपासारखे थिजू पाहणारे पेशीचे आवरण तो त्यातील स्निग्धाम्ले बदलून लवचीक ठेवतो आणि भोवतालच्या अन्नातून बीटेन, कार्निटिन ही द्रव्ये ओढून घेऊन तग धरतो. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची तऱ्हा याहून नवलाची आहे: थंडीत तग धरायला लागणाऱ्या त्याच्या एका शीत-प्रथिनाचा निरोप, म्हणजे ते बनवण्याची कृती, नेणारा आरएनए हा रेणू थंडीत स्वतःची घडीच बदलतो आणि ते प्रथिन भराभर तयार होऊ लागते, म्हणजे निरोप्याच तापमापक झाला! आपल्या शेंगाच्या चटणीला आणि कडक भाकरीला ही भीती फारशी नाही, कारण त्यांत पाणी फार थोडे असते. शिळी आमटी मात्र नुसती कोमट न करता चांगली उकळी फुटेपर्यंत तापवावी. घरात गरोदर स्त्री किंवा वृद्ध असल्यास तर नक्कीच.

– एक वाचक, सोलापूर