डॉक्टर, तुम्ही नकार दिलात त्याबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लॅसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, करून चष्म्याची कटकट कायमची मिटवायची, एवढं एकच डोक्यात घेऊन मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही चक्क नाही म्हणालात. आज हे जाहीर आभार त्या नकाराचेच आहेत.

तोवर माझे बरेच चष्मे बदलून झाले होते, पण एकही धड बसत नव्हता. रात्री दिव्यांना शेपट्या फुटायच्या, अक्षरामागे त्याचीच फिकट सावली दिसायची आणि तिरका नंबर दर खेपेला वाढलेला असायचा. ‘होईल सवय’ हे उत्तर ऐकून कान किटले होते.

तुमच्याकडेही आधी यंत्रानेच नंबर काढला. पण तो कागद बाजूला ठेवून तुम्ही दिवे मालवलेत आणि रेटिनोस्कोप या हातातल्या उपकरणाची उजेडाची पट्टी माझ्या डोळ्यावरून सावकाश फिरवलीत. एरवी बाहुलीतली चमक त्या पट्टीबरोबर किंवा तिच्या उलट, पण एकसंध सरकते, हे तुम्ही नंतर समजावलंत. माझ्या डोळ्यात तिचे दोन भाग होऊन कात्रीच्या पात्यांसारखे उघडत-मिटत होते. तुम्ही नुसतं ‘हं’ म्हणालात आणि टोपोग्राफीला पाठवलंत, म्हणजे कॉर्नियाचा, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, नकाशा काढायला. नकाशात त्याच्या खालच्या भागात लाल ठिपका उमटला. केराटोकोनस.

मग तुम्ही कागदावर रेघा मारून सांगितलंत. निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. डोळ्याची प्रकाश वळवण्याची जवळजवळ दोन तृतीयांश ताकद तिथेच असते. माझा कॉर्निया पातळ होत पुढे शंकूसारखा येत होता. लॅसिकमध्ये तोच आणखी तासला असता तर फुगवटा वाढत गेला असता. ‘चष्मा राहू दे, आधी डोळा वाचवू,’ हे तुमचे शब्द. मला तेव्हा तुमचा रागच आला होता, हेही लिहून टाकते.

मग ठरलं क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया बळकट करायचा उपचार. त्या दिवशी तुम्ही कॉर्नियावरचा पापुद्रा काढून रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) पिवळे थेंब घालायला सुरुवात केलीत. ते मुरायला अर्धा तास, मग तेवढाच वेळ अतिनील किरण. त्याने कॉर्नियातल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे बंध तयार होतात आणि तो ताठ होतो. नंबर जाईलच असं नाही, पण आजार बहुतेकदा जागीच थांबतो. थेंब मुरेपर्यंत तुम्ही स्वतःविषयी बोलत होतात, बहुधा माझी भीती घालवायला. पण मला त्यातलं सगळं आठवतंय.

विद्यार्थी असताना तुम्हाला हॅरॉल्ड रिडले या इंग्लिश नेत्रशल्यविशारदांची गोष्ट कळली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, कपचे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी डोळा त्यांच्यावर फारसा चिडला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातूनच त्यांनी १९४९ मध्ये लंडनला मोतीबिंदू काढलेल्या माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. तुम्हीही मोतीबिंदूच्या सर्जनच होणार होतात. प्रत्यक्षात नशिबी आली नंबर काढायची अंधारी खोली. बरोबरीचे ऑपरेशन थिएटरात, आणि तुम्ही ‘हे स्पष्ट की ते?’ विचारत बसलेल्या. त्यात तुमच्या सरांचा दंडक असा, की आधी रेटिनोस्कोपीचा आकडा हाताने लिहायचा, यंत्राचा कागद त्यानंतरच बघायचा. तुम्ही धुसफुसत होतात म्हणे. मग एक दिवस एका मुलाच्या डोळ्यात ती कात्री दिसली. त्याला तोवर सगळ्यांनी नुसते चष्मेच दिले होते. त्यानंतर तुम्ही कॉर्नियाची फेलोशिप घेतलीत.

त्या सरांना मी ओळखत नाही, पण थोडे आभार त्यांच्याकडेही पोचवा. यंत्राने माझा आकडा दर वेळी बिनचूक छापला असेल. तो का बदलतोय, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

नंतरचे काही दिवस डोळा भयंकर चुरचुरला, ते जाऊ दे. आता मी कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. लेन्स आणि कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात, कॉर्नियाचा खडबडीतपणा झाकला जातो आणि अक्षरं एकेरी दिसतात. पहिल्यांदा ती बसवलीत तेव्हा मी तक्त्याची खालची ओळ वाचून दाखवली आणि मग उगाचच परत वाचली. नकाशेही गेल्या वेळेपर्यंत जसेच्या तसे आहेत. आजार कधी कधी घरात चालतो म्हणून तुम्ही माझ्या भावालाही बोलावून घेतलंत; त्याचे डोळे ठणठणीत निघाले. डोळे चोळायची त्याची सवय मात्र तुमच्या ओरडण्यानेच सुटली, आमचं तो ऐकत नव्हता.

पुढच्या टोपोग्राफीला येतेच आहे. लेन्स आधी काही दिवस काढून ठेवायची, नाहीतर नकाशा चुकतो, हे लक्षात आहे. तेवढे दिवस जुन्या चष्म्यावर काढीन.

तुमची आभारी,
एक पेशंट