दादा, तुम्ही तो सिलेंडर घेतला नाहीत

प्रिय दादा,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. नेरुळच्या तलावावर पहाटे येणाऱ्यांना कळेलच.

फिन्सची पिशवी सांभाळत मी ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने यायचे, तेव्हा डब्यात कोणीतरी हमखास विचारायचं, "खाडीत बुडी मारता का?" खाडीत कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत, हे त्यांना काय सांगणार! आणि "मी खोल जात नाही, खोल गेलेल्यांची वाट बघते" हे तर कोणालाच पटत नसे. खरं म्हणजे मलाही नाही. टेक्निकल डायव्हर ५० मीटरला जाऊन येणार आणि आपण वर त्यांच्या श्वासासाठीचे सिलेंडर घेऊन हमालासारखं थांबायचं, एवढंच ते काम वाटायचं.

मग ती सकाळ. पाणी जेमतेम पुरुषभर. आपण २१ मीटरवर आहोत असं समजायचं, हे आधीच ठरलेलं. तुम्ही गॅस मागितलात, मी लगबगीने हाताला लागला तो सिलेंडर पुढे केला. तुम्ही घेतला नाहीत. त्याच्यावरचा मोठा '६', म्हणजे ६ मीटरच्या खाली वापरायचा नाही, माझ्या मास्कसमोर धरून थांबलात. पन्नास टक्के ऑक्सिजनचा राहिला बाजूला, मी शुद्ध ऑक्सिजन देत होते.

काठावर आल्यावर आवाज न चढवता म्हणालात, "खऱ्या २१ वर मला फिट आली असती तर? रेग्युलेटर तोंडातून सुटला असता. पुढचं तू सांग."

शुद्ध ऑक्सिजनचा दाब ६ मीटरवर १.६ बार, २१ वर ३.१. शरीरातला नायट्रोजन लवकर बाहेर पडावा म्हणून वर जो ऑक्सिजन घ्यायचा, तोच खाली जिवावर उठतो. हे मला तोंडपाठ होतं. हाताला माहीत नव्हतं.

ते तुम्ही हाताला शिकवलंत. मास्कला आतून फॉइल लावून, नुसत्या स्पर्शाने सिलेंडर ओळखायला लावलात. नळी सिलेंडरपासून तोंडापर्यंत बोटाने चाचपायची. आकडा दाखवायचा, समोरच्याने वाचून मान हलवली की मगच सोडायचा. सगळ्यात जड गेलं ते न मागता मदत न करणं. मी घरातली थोरली हो, धावून जायची खोडच.

अंदमानात पहिल्यांदा खरोखरच २१ वर थांबले, तेव्हा खालून दोघं आले. एकाचा रेग्युलेटर फसफसून गॅस सोडत होता. माझ्याकडे जादा सिलेंडर होता. आकडा त्याच्यासमोर धरला आणि थांबले. त्याने वाचला, मान हलवली, घेतला. मी पाटीवर वेळ लिहिली. बस, एवढंच झालं. बोटीवर त्याबद्दल कोणी बोललंसुद्धा नाही, सगळे भजी खात होते.

मनापासून आभार, दादा.

आणि ते फिटचं आईला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र ती वाचणारच. तेव्हा रविवारी घरी या आणि तुम्हीच समजवा. चहा मी करते.

तुमची,
ऐरोलीची विद्यार्थिनी