‘सगळ्यांना चालतं’ म्हणून बसवलेली यंत्रणा: बदलून द्या किंवा परत न्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग, पुणे शाखा

विषय: कॉन्फरन्स रूममधील वायरलेस स्क्रीन-शेअरिंग यंत्रणेबाबत तक्रार
संदर्भ: आमची गरज सांगणारा ई-मेल, तुमचे कोटेशन व आमची परचेस ऑर्डर (प्रती सोबत)

महोदय,

आमचे एरंडवण्यात आर्किटेक्टचे ऑफिस आहे. सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामे जास्त, त्यामुळे कॉन्फरन्स रूममध्ये सतत बाहेरची माणसे असतात. सोसायटीची कमिटी, बिल्डर, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, कधी कर्ज देणाऱ्या बँकेचे अधिकारी. कोणाकडे आयफोन, कोणाकडे अँड्रॉइड, कोणाकडे मॅकबुक, तर कोणाकडे कंपनीच्या आयटीने हातपाय बांधून दिलेला विंडोज लॅपटॉप. ऑर्डर देण्याआधी हे सगळे तुम्हाला ई-मेलने कळवले होते. पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे आहे, ते ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेले नाही आणि जोडले जाणारही नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले होते. अमुकच मॉडेल द्या असे आम्ही म्हटले नव्हते. तुमचे प्रतिनिधी आले, खोली पाहून गेले आणि “सर, हे बिनधास्त घ्या, सगळ्यांना चालतं” असे सांगून मॉडेल त्यांनीच ठरवले. किंमत 1,84,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी.

ते सगळ्यांना चालत नाही.

डेमो झाला तो तुमच्याच लॅपटॉपवरून, तुमच्याच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दाखवले काय, तर नदी, धुके आणि उडणारे पक्षी. छान दिसले. आमच्याकडे पक्षी कोणी दाखवत नाही, नकाशे दाखवतात. त्याविषयी पुढे लिहितो, आधी जोडणीचे.

विंडोज लॅपटॉप आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये मिराकास्ट असते. स्क्रीन बिनतारी दाखवण्यासाठी वाय-फाय अलायन्सने 2012 मध्ये आणलेले हे मानक. त्यात फोन थेट तुमच्या डब्याशी (टीव्हीला जोडलेल्या रिसीव्हरशी) बोलू शकतो, मध्ये राउटर लागत नाही. अॅपलने ते घेतलेच नाही, त्यांचे एअरप्ले वेगळे. गूगलच्या पिक्सेल फोनला मिराकास्ट नाही, गूगल कास्ट लागते. एअरप्ले असो वा कास्ट, फोन आधी स्वतःच्या नेटवर्कवर डबा शोधतो. हा शोध 224.0.0.251 या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक उपकरणांना हाक देणाऱ्या) पत्त्यावर होतो आणि तो राउटरपलीकडे जात नाही. आमचा पाहुणा गेस्ट वाय-फायवर आणि तुमचा डबा ऑफिसच्या लॅनवर, म्हणजे आतल्या नेटवर्कवर. मग आयफोनवर ‘स्क्रीन मिररिंग’ दाबले की नुसते चक्र फिरते आणि यादी रिकामीच राहते. हा बिघाड नव्हे, ही यंत्रणा अशीच चालते, आणि हे विकणाऱ्याला ते माहीत असायलाच हवे.

यावर तुमच्या इंजिनिअरनी सुचवलेले उपाय मुळावर येणारे आहेत. पहिला उपाय: “ऑफिसचा मेन पासवर्ड पाहुण्यांना द्या.” त्या नेटवर्कवर आमचा सर्व्हर आहे, त्यावर एकाच सोसायटीसाठी आलेल्या वेगवेगळ्या बिल्डरांच्या ऑफर आहेत. त्यांच्यापैकीच एकाला आत घेऊ? दुसरा उपाय: डबा गेस्ट वाय-फायवर टाका आणि तिथले क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी सोय) काढा. म्हणजे एका पाहुण्याचा लॅपटॉप दुसऱ्याला दिसणार, आणि वर आमच्याच स्टाफची जोडणी बंद पडणार.

तिसरा उपाय तर आम्हाला न विचारता करून टाकला. “लवकर कनेक्ट होतं” म्हणून पिन बंद केला. त्यानंतरच्या एका मीटिंगमध्ये कमिटीशी कार्पेट एरियावर घासाघीस चालू होती. वाढीव जागेचा तक्ता स्क्रीनवर होता. तो गेला आणि त्याच्या जागी वरच्या मजल्यावरच्या ऑफिसचे पगारपत्रक आले, नावे आणि रकमांसकट. त्यांच्या कोणीतरी आपला टीव्ही समजून आमचा निवडला होता. कमिटीचे खजिनदार चष्मा सावरून चौथ्या ओळीपर्यंत पोचले तेव्हा मी टीव्हीचा प्लगच काढला. वरच्यांची माफी आम्ही मागितली. खरे तर ती तुम्ही मागायला हवी होती.

पिन परत सुरू करा म्हटल्यावर कळले की दर जोडणीला नवा पिन हवा असेल तर ‘मॅनेजमेंट लायसन्स’ लागते, आणि ते पहिल्या वर्षानंतर दरवर्षी विकत घ्यायचे. कोटेशनमध्ये या खर्चाचा शब्दही नाही.

ज्याला वाय-फायवरून जमत नाही त्याच्यासाठी तुम्ही यूएसबीचे बटण दिले. ते लॅपटॉपला लावले की पेन ड्राइव्हसारखे उघडते आणि त्यातला प्रोग्रॅम चालवावा लागतो. बँकेच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह बंदच असतात, त्यामुळे अधिकाऱ्याने बटण लावताक्षणी तांबडी सूचना आली आणि त्यांनी ते घाईघाईने काढले. यूएसबी-सीचे बटणही चालले नाही, कारण त्या पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, फक्त चार्जिंग आणि डेटा. अशी पोर्ट असंख्य लॅपटॉपवर असतात. आमच्या तक्रारीला सर्व्हिस सेंटरने उत्तर दिले: “लॅपटॉपचा ड्रायव्हर अपडेट करून पाहा.” बँकेच्या अधिकाऱ्याचा लॅपटॉप आम्ही अपडेट करायचा!

आता नकाशांचे. कोटेशनमध्ये ‘4के’ आहे. पॅनल, म्हणजे टीव्हीचा पडदा, खरोखरच 3840 बाय 2160 चा आहे. पण लॅपटॉपवरून तुमचा डबा जे चित्र घेतो ते 1920 बाय 1080 चे, आणि ते तो ताणून पॅनलभर करतो. त्याहून वाईट गत रंगांची होते. वायरलेसवरून पाठवताना चित्र दाबून लहान (कॉम्प्रेस) केले जाते आणि त्यात रंगाची माहिती दर चार पिक्सेलमागे एकदाच ठेवली जाते. नदी आणि पक्ष्यांमध्ये हे डोळ्याला कळत नाही. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या काळ्या पडद्यावर लाल, निळ्या, जांभळ्या बारीक रेघा असतात, तिथे मात्र लगेच कळते. लाल रेघ फुगते, निळी काळ्यात बुडते, मापांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सामासिक अंतराचा (इमारत आणि प्लॉटची हद्द यांमधल्या मोकळ्या जागेचा) 3.60 हा आकडा एका सदस्यांनी 3.80 वाचला आणि “मागच्या वेळी कमी सांगितलं होतं” म्हणून आमच्यावर संशय घेतला. तोच लॅपटॉप, तेच पॅनल आणि तोच नकाशा एचडीएमआय केबलने जोडला की आकडा स्वच्छ. दोन्हींचे फोटो जोडले आहेत, शेजारी ठेवून पाहा.

सध्या केबल कार्पेटवर चिकटपट्टीने बसवली आहे आणि तुमचा डबा बंद आहे.

आमचे म्हणणे असे. ऑफिसचे लॅन आणि गेस्ट वाय-फाय अशा दोन्ही नेटवर्कना एकाच वेळी जोडता येणारा, पण एकाचा डेटा दुसरीकडे न सोडणारा डबा द्या. असे डबे बाजारात आहेत. दर जोडणीला स्क्रीनवर नवा पिन दिसला पाहिजे आणि त्यासाठी वेगळे वार्षिक शुल्क नको. बसवल्यावर चाचणी आमच्या पॅनलवर, आमच्या नकाशांवर आणि आमच्या ई-मेलमधल्या प्रत्येक प्रकारच्या उपकरणावर होईल, तुमच्या लॅपटॉपवर नाही. हे जमत नसेल तर सगळे सामान परत न्या, भरलेली रक्कम परत करा आणि जीएसटीसह क्रेडिट नोट द्या. बिलाचे उरलेले 20 टक्के यातले एक काही होईपर्यंत मिळणार नाहीत.

ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी केलेली खरेदी सहसा बसत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या लीगल विभागाने ते कळवण्याची तसदी घेऊ नये. वस्तू विक्री अधिनियम 1930 चे कलम 16 मात्र त्यांनी जरूर वाचावे. खरेदीदाराने वस्तू कशासाठी हवी ते विक्रेत्याला सांगितले असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असण्याची अट विक्रीत गृहीत असते. ठरावीक ब्रँडनावाने मागून घेतलेल्या वस्तूला त्याच कलमात अपवाद आहे, तो इथे लागू होत नाही, कारण नाव तुम्ही सुचवले. आम्ही फक्त गरज सांगितली होती, तीही लेखी.

लेखी उत्तर 15 दिवसांत मिळावे. माणूस पाठवणार असाल तर नेटवर्क समजणारा पाठवा आणि आदल्या दिवशी फोन करा. संध्याकाळी कमिट्यांच्या मीटिंग असतात, तेव्हा खोली मोकळी नसते.

कळावे,

आपला,
व्यवस्थापक (प्रशासन)

सोबत: वर उल्लेखलेल्या कागदपत्रांच्या प्रती, स्क्रीनचे फोटो, सर्व्हिस सेंटरचे उत्तर