शाळेतल्या पोरांना एकेक करडू द्या की!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेत फोर-एच म्हणून पोरांची चळवळ आहे, 1902 पासूनची, त्यात शाळकरी मुलं स्वतः कोकरू वाढवतात, खाद्याचा खर्च, वजन सगळं वहीत लिहितात आणि काउंटीच्या जत्रेत परीक्षकासमोर नेऊन उभं करतात, मग लिलाव, पैसे पोराचे. आपल्याकडे मेंढी नाही जमायची, 3000 मिलिमीटर पावसात लोकर भिजणार नि खुरं कुजणार, पण बकरी आहे ना! कोकण कन्याळ तर आपल्या सिंधुदुर्गातलीच जात, काळी, तोंडावर नाकापासून कानापर्यंत पांढरे पट्टे, पावसाला टिकते.

आमच्याकडच्या कृषी प्रदर्शनात काय असतं, तर ट्रॅक्टर, भाषणं आणि वडे (वडे चांगले असतात, तो भाग वेगळा), पोरं सेल्फी काढून घरी.

त्यापेक्षा आठवी-नववीच्या पोरांना करडू द्या, पावसाआधी पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस, गोठ्यात जमिनीपासून वर फळ्यांचा माळा, काट्यावर वजन, हे सगळं त्यांनीच करायचं. आणि बक्षीस देताना वही आधी बघा, नाहीतर बकरी वाढवणार बाबा आणि पोरगं फक्त फोटोला. आयोजकांनी यंदा एक मांडव तरी यासाठी ठेवावा.

– एक पालक, कुडाळ