खुब्याची नस आणि पाचवी खेप

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मंगळवारी पाचव्यांदा सरकारी दवाखान्यातून हात हलवत परत आले. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खुब्याची नस जाळायचा उपचार सुरू होईल, असं केसपेपरवर लिहून दिलं होतं. मशीन आलंय म्हणतात, चालवणारे डॉक्टर नाहीत.

माझा उजवा खुबा झिजलाय. दुखतं जांघेत, कळ जाते गुडघ्यापर्यंत, म्हणून दोन वर्षं गुडघ्यावरच उपचार झाले. हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून सांधा बदलायच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ नकार देतात. किडनीमुळे दुखण्याच्या गोळ्या बंद. उरला हा एकच रस्ता. फेमोरल आणि ऑब्ट्युरेटर नसांच्या खुब्याकडे जाणाऱ्या बारीक फांद्या आधी इंजेक्शनने बधिर करून बघायच्या, आराम पडला तर सुईच्या टोकाच्या उष्णतेने जाळायच्या. पूर्ण भूल लागत नाही, संध्याकाळी घरी. झीज भरून येत नाही, नस परत वाढते, सहा महिन्यांनी, वर्षाने दुखणं पुन्हा येऊ शकतं, हे मला समजावलंय. साहेब, मला ते सहा महिने हवेत.

आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटाचं दळण घरच्या जात्यावर मीच दळायची. गेल्या श्रावणात सून दळत होती आणि मी चौकट धरून उभी. जात्यापाशी बसताच येईना. पायात चप्पल नातू घालतो. रात्री कूस बदलताना घर जागं होऊ नये म्हणून पदर दातात धरते.

नाशिकला खाजगीत 60,000 सांगितले. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या बाईने कुठून आणायचे? महात्मा फुले योजना 5 लाखांची झाली म्हणता, पण खिडकीवरच्या पोराने संगणकात शोधलं आणि हा उपचार दिसत नाही म्हणाला. 2012 साली हीच योजना जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. योजना आजमावायला खानदेश चालतो, डॉक्टर द्यायचे म्हटलं की नाशिक, मुंबई! नंदुरबारकडच्या अक्राणीच्या डोंगरातल्या बाईने खुबा धरून नाशिक गाठायचं? मतं मागायला तुमच्या गाड्या बांधापर्यंत येतात, तेव्हा रस्ता सापडतो.

आठवड्यातून एक दिवस तरी डॉक्टर पाठवा. उपचार योजनेत घ्या. तारीख लेखी कळवा आणि खाली सही कुणाची ते वाचता येईल असं लिहा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याच्या आधीची तारीख द्या.

आपली,
खानदेशातली एक निवृत्त अंगणवाडी सेविका